चौकटीखालचा गुलाबी



जयपूरला पोस्टिंग आली की पहिला लेख हवामहालावर नाहीतर आमेरच्या किल्ल्यावर लिहायचा, अशी रीत आहे. लिहिणारा मराठी असेल तर १७५१ च्या जानेवारीत याच शहरात मराठ्यांची कत्तल झाली, तिच्यावर. तेही लिहीन सावकाश. आजचा लेख दाराच्या चौकटीवर आहे. हसू नका, शेवटपर्यंत वाचा. ज्यांच्या घरात जुनी दारं-खिडक्या आणि लहान पोरं अशा दोन्ही गोष्टी आहेत त्यांनी तर वाचाच.

चौकट आहे सीतापुऱ्यात. जयपूरहून टोंक रोडने दक्षिणेला निघालं की सांगानेर लागतं. ठशांनी छापलेलं कापड आणि हातकागद यांचं हे गाव, विमानतळही तिथंच. ते ओलांडलं की सीतापुरा. इथं रिकोची मोठी औद्योगिक वसाहत आहे. रत्नं घासणारे, दागिने घडवणारे, कपडे शिवणारे कारखाने, मधे मधे कॉलेजं आणि हॉस्पिटल. फॅमिली क्वार्टरचा नंबर लागायला अवकाश होता, छावणीजवळची भाडी झेपण्यासारखी नव्हती, म्हणून वसाहतीच्या मागच्या अंगाला एका जुन्या घरात खालच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. घरमालक निवृत्त मास्तर. मी त्यांना बाबूजी म्हणतो, ते मला फौजी साहब म्हणतात.

घरचे लोक कोरेगावहून यायला बारा दिवस होते. बायकोला पाचवा महिना, आणि थोरली मुलगी दोन वर्षांची. खोल्यांच्या भिंती ठीक होत्या. पण दारांच्या चौकटी, त्यांच्या कडेच्या पट्ट्या, खिडक्यांचे काठ, भिंतीतल्या कपाटाची दारं, या सगळ्या लाकडाला खपल्या सुटलेल्या. खिडकी ढकलली की भुगा खाली पडायचा. आणि तो खिडकीचा काठ बरोब्बर दोन वर्षांच्या पोराच्या तोंडाच्या उंचीवर.

बाबूजींनी रंगारी बोलावला होता. चांगला माणूस, तीस वर्षं हेच काम करतोय. त्याने पिशवीतून घासायचं मशीन काढलं, तोंडाला गमछा बांधला आणि प्लग शोधायला लागला. मी म्हटलं, "उस्ताद, जरा थांबा. आधी बघू तर खाली काय आहे."

नव्या वाचकांसाठी सांगतो. मी बॉम्बे सॅपर्सचा, आणि माझी ट्रेड पेंटर अँड डेकोरेटर. सॅपर म्हटलं की लोकांना सुरुंग आणि पूल आठवतात. फौजेत रंगारी असतो म्हटल्यावर गावाकडे अजून हसतात. पण खडकीला ट्रेनिंगमध्ये आमच्या उस्तादांनी ब्रश हातात द्यायच्या आधी कितीतरी दिवस फक्त जुना रंग वाचायला शिकवलं. जुन्या दारावर ब्लेडने तिरका काप घ्यायचा, मग तो ओल्या वॉटर पेपरने हलका घासायचा. झाडाच्या खोडासारखी कडी दिसतात, बाहेरून आत, नव्याकडून जुन्याकडे. कुठल्या थरापासून रंग सुटतोय ते कळल्याशिवाय वरून हात मारण्यात अर्थ नसतो. नवा रंग जुन्याला धरतो, आणि जुन्यानेच लाकूड सोडलेलं असलं तर दोघं मिळून खाली येतात.

सीतापुऱ्याच्या त्या चौकटीवर काप घेतला तेव्हा सहा कडी दिसली. सर्वांत वर बदामी. त्याखाली चॉकलेटी. मग केसाएवढी एक काळी रेघ. मग पिस्ता हिरवा. मग मळकट पांढरा. आणि लाकडाला चिकटून, सर्वांत खाली, गुलाबी.

रंगारी खूश झाला. "देखिए साहब, जयपुर का गुलाबी!"

तो जयपूरचा गुलाबी नव्हता, आणि या लेखाचं मूळ तिथंच आहे.

जयपूरचा गुलाबी काय आहे ते आधी सांगतो. सवाई जयसिंहांनी हे शहर १७२७ साली वसवलं. १८७६ साली इंग्लंडचा युवराज, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, इथं आला. त्याच्या स्वागतासाठी महाराजा सवाई रामसिंह दुसरे यांनी शहराला एकसारखा रंग दिला, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. साहेब येणार म्हणून रंग द्यायचा, ही परंपरा किती जुनी आहे बघा. आपल्याकडे इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लागतो तो काही आपला शोध नव्हे. 'हलेल त्याला सॅल्यूट, हलणार नाही त्याला चुना' हे वाक्य ज्यांनी ऐकलं नाही त्यांनी फौज पाहिलेली नाही. तर जयपूरच्या भिंतींवरचा हा रंग म्हणजे चुन्यात कालवलेली गेरूसारखी माती. गेरू म्हणजे आपली काव, लोखंडाच्या गंजाची बहीण. चुना श्वास घेतो. भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो, म्हणून त्याच्या मोठ्या खपल्या निघत नाहीत, तो फक्त झिजतो. खायला चांगला नाही, पण विषही नव्हे.

लाकडाचा गुलाबी वेगळा. जुन्या काळी लाकडाला पहिला हात द्यायचा तो सफेदा आणि थोडा शेंदूर जवसाच्या तेलात कालवून. पांढऱ्यात शेंदरी मिसळलं की गुलाबी होतं. इंग्रजांच्या बांधकामखात्यांची ही पद्धत होती. सरकारी कामाच्या विनिर्देशात लाकडासाठी 'पिंक प्रायमर' हे शब्द त्यामुळेच अजून टिकून आहेत, आता त्यात शिसं नसलं तरी. सफेदा म्हणजे शिशाचं कार्बोनेट. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साईड. दोन्ही शिसं.

शेंदूर आपल्याला परका नाही. गावाबाहेरचा मारुती, म्हसोबा, अष्टविनायकांच्या मूर्ती, सगळीकडे तेलात कालवलेल्या शेंदराचे थर. एकावर एक शतकानुशतकं चढत गेले की मूळ मूर्तीचे नाकडोळे बुजतात, आणि एखाद्या दिवशी तो सगळा थर आपल्या वजनानेच सुटतो. त्याला आपण कवच निघालं म्हणतो. नाशिक जिल्ह्यातल्या वणीच्या सप्तशृंगी देवीचं मंदिर २०२२ च्या पावसाळ्यात जवळपास दीड महिना दर्शनाला बंद ठेवलं होतं. तेव्हा मूर्तीवरचा हजार किलोंहून जास्त शेंदूर उतरवला आणि देवीचं मूळ रूप भक्तांना दिसलं. भक्तीची गोष्ट भक्तीच्या जागी. रंगाऱ्याच्या नजरेने पाहिलं तर चौकटीवर होतं तेच तिथं झालं. तेलाचा थर जुना झाला की कडक होतो, ताण घेतो, आणि सर्वांत कमजोर सांध्यापाशी सोडतो.

रंगाऱ्यांना शिसं इतकं आवडायचं कशामुळे? तेलाचा रंग पाण्यासारखा वाळत नाही, हवेशी मिळून घट्ट होतो. शिसं ते काम लवकर करतं. शिवाय तेलाशी मिळून साबणासारखं काहीतरी तयार करतं, त्यामुळे थर लवचिक राहतो, उन्हापावसात लाकूड फुगलं-आकसलं तरी लवकर तडकत नाही. जात म्हणून चांगला माल. सफेदा करायची जुनी डच पद्धतही ऐकण्यासारखी आहे. मडक्यात व्हिनेगर, त्यावर शिशाच्या पट्ट्या, आणि अशी शेकडो मडकी घोड्याच्या लिदीत पुरून काही महिने ठेवायची. लिदीच्या उबेने आणि वाफेने शिशावर पांढरी पापडी धरते, ती खरवडायची. जयपूरच्या ६१ कॅव्हलरीतल्या मित्राला हे सांगितलं तर म्हणाला, लीद हवी तेवढी घेऊन जा.

पण ही पापडी खरवडणारे आणि रंग कालवणारे आजारी पडतात हे लोकांना फार लवकर कळलं होतं. इटलीचा वैद्य रामाझिनी याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर पुस्तक लिहिलं, त्यात रंगाऱ्यांचं दुखणं आहे. पोटात मुरडा, हातापायांत कंप, पुढे मनगट लुळं पडणं. ब्रश धरणाऱ्या माणसाचं मनगटच पडतं, याला काय म्हणावं.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये एद्म-झाँ लक्लेर नावाचा रंगकामाचा ठेकेदार होता. आपली माणसं अशी मोडताना पाहून त्याने शिशाचा सफेदा सोडला आणि जस्ताचा धरला. १८४० च्या दशकात, स्वतःच्या खर्चाने, कुठल्या कायद्याची वाट न पाहता. मला हा माणूस फार आवडतो. आणि गंमत अशी की ज्या जस्ताने त्याने माणसं वाचवली ते मोठ्या प्रमाणावर काढायची विद्या त्याच्या कितीतरी आधी राजस्थानातच होती. उदयपूरजवळ जावरला मध्ययुगात मातीच्या वांग्याच्या आकाराच्या मुशींत खनिज तापवून जस्ताची वाफ खाली उतरवत. वापरून झालेल्या मुशी इतक्या उरल्या की तिथं घरांच्या भिंती त्यांच्याच रचल्या आहेत. त्याच डोंगरांत जस्ताबरोबर शिसंही निघतं. भिलवाडा जिल्ह्यातली रामपुरा आगुचा ही आजची मोठी खाणही जस्त-शिशाचीच. म्हणजे विष आणि उतारा दोन्ही एकाच मातीतले.

रंगाऱ्यांचं हे असं. पोरांचं प्रकरण नंतर उजेडात आलं, आणि ते ऑस्ट्रेलियात. क्वीन्सलंड हा प्रांत आपल्यासारखाच उन्हाचा. लाकडी घरं, पुढे व्हरांडा, त्याला रंगवलेले कठडे. ब्रिस्बेनला लॉकहार्ट गिब्सन नावाचे डोळ्यांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे डोळे तिरळे झालेली, नजर गेलेली, हातपाय लुळे पडलेली मुलं यायची. १९०४ साली त्यांनी लिहून सांगितलं की याचं कारण व्हरांड्याचे कठडे आणि खोल्यांच्या रंगवलेल्या भिंती. उन्हाने रंगाची भुकटी होते, पोरांच्या हाताला लागते, हात तोंडात जातो. बरेच दिवस त्यांचं कोणी ऐकलं नाही. मुलांच्या आवाक्यातल्या जागी शिशाचा रंग लावायला तिथल्या कायद्याने बंदी केली ती १९२२ साली.

त्याच्या आदल्या वर्षी, १९२१ मध्ये, जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने तेराव्या क्रमांकाचा करार केला. विषय एकच, रंगकामातला सफेदा. इमारतींच्या आतल्या रंगकामात तो वापरायचा नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांना आणि बायकांना त्या कामावर लावायचं नाही. आणि जुना रंग कोरडा घासताना-खरवडताना उडणाऱ्या धुळीपासून कामगाराला वाचवायचं. शंभर वर्षांपूर्वी, शब्दाशब्दात कोरड्या घासण्याचा उल्लेख! ब्रिटनने या करारावर सही केली नाही, पण १९२६ साली स्वतःचा कायदा केला, आणि त्याखालच्या नियमांनी शिशाचा रंग कोरडा घासणं बंद केलं. भारत कामगार संघटनेचा अगदी पहिल्यापासूनचा सभासद. हा करार मात्र आपण आजतागायत स्वीकारलेला नाही. साहेबाने आपल्या देशातल्या रंगाऱ्यासाठी नियम केला आणि इथल्या रंगाऱ्याला गमछा दिला, असं मी म्हणतो. पुढे साहेब गेला, गमछा राहिला.

त्याच १९२१ मध्ये अमेरिकेत थ्री एम कंपनीने पाण्यात भिजला तरी न विरघळणारा घासकागद बाजारात आणला. मोटारीचे कारखाने त्याचे पहिले मोठे गिऱ्हाईक, कारण ओलं घासलं की धूळ उडत नाही. आपले रंगारी ज्याला वॉटर पेपर म्हणतात तो हाच. नावातच 'वॉटर' आहे, तरी निम्मे लोक तो कोरडाच वापरतात.

आपल्या एमईएसची स्थापना १९२३ ची. तिच्या ताब्यातल्या बंगल्यांना, बॅरकींना, क्वार्टरांना ठराविक वर्षांनी रंगाचा हात ठरलेला. मार्चिंग आउटच्या वेळी बॅरक डॅमेज लागू नये म्हणून आपणही एखादा हात गुपचूप मारतो. जुन्या छावणीतली दारं इतक्या थरांनी जाड झालेली असतात की कडी लागत नाही, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलं असेल. त्या जाडीत किती शिसं आहे याचा विचार आपल्यापैकी कोणी केला असेल असं वाटत नाही.

आता पुन्हा सीतापुऱ्याकडे. बाबूजींचं घर १९९६ चं. मग इतका जुना पद्धतीचा गुलाबी आला कुठून? विचारल्यावर ते म्हणाले, चौकटी घरापेक्षा जुन्या आहेत. शहरातला एक जुना सरकारी बंगला पाडला तेव्हा त्याचं सागवान त्यांनी कबाड्याकडून घेतलं. सागवान इतकं सुरेख की आजही कुठे वाळवी नाही. गुलाबी आणि मळकट पांढरा त्या बंगल्यातून चालत आलेले.

तरी अंदाजावर चालायचं नव्हतं. खडकीला आम्हाला एक सोपी कसोटी दाखवली होती. सोडियम सल्फाईडचं पाणी जुन्या रंगाच्या ताज्या कापावर लावायचं. शिसं असेल तर तो भाग काळा पडतो. सांगानेरच्या रंगाईत हे रसायन लागतं, ओळखीतून चिमूटभर मिळालं. सडक्या अंड्यासारखा वास येतो, खिडक्या उघड्या ठेवूनच करायचं, आणि ॲसिडजवळ तर अजिबात न्यायचं नाही. कापसाचा बोळा लावला आणि मिनिटभरात गुलाबी कडं काळं झालं. पांढरंही. पिस्ता हिरवा गडद तपकिरी झाला.

हिरव्याचं आश्चर्य वाटायला नको. मुंबईत १९४२ साली चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली, १९५४ पासून आर. के. लक्ष्मण यांचा गट्टू ब्रश घेऊन घरोघरी पोचला, आणि रंग ही साहेबाच्या बंगल्यापुरती चीज राहिली नाही. डब्यातला तयार एनॅमल मध्यमवर्गाच्या दारांवर आला. पांढऱ्या रंगात तोवर शिशाऐवजी टायटॅनियम यायला लागलं होतं. पण पिवळ्या आणि हिरव्या रंगांत लेड क्रोमेट पुढेही कितीतरी वर्षं राहिलं, जगभर. म्हणून पांढऱ्यापेक्षा भडक रंगाचा संशय आधी घ्यावा. दुसरं म्हणजे लवकर वाळावा म्हणून घालायचं ड्रायर, त्यातही शिसं असे. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली १९७८ ला. आपल्याकडे पेट्रोलमधलं शिसं २००० साली गेलं. घरगुती रंगांचे नियम १ नोव्हेंबर २०१६ ला निघाले आणि वर्षभराने लागू झाले. दहा लाख भागांत नव्वद भाग, म्हणजे किलोभर रंगात ९० मिलिग्रॅम, याहून जास्त शिसं चालत नाही. नियम चांगला आहे. पण तो नव्या डब्याला लागू होतो. दारावर जे आधीच बसलंय त्याला कुठला नियम काढणार?

राहिली काळी रेघ. तिच्यावर बोट ठेवल्यावर बाबूजी जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "यह तो दो हज़ार नौ है।"

२९ ऑक्टोबर २००९ च्या संध्याकाळी सीतापुऱ्याच्या तेल डेपोत पेट्रोल गळून त्याची वाफ पसरली आणि भडका उडाला. धक्क्याने आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या. अकरा टाक्या पेटल्या. विझवणं शक्य नव्हतं, तेल जळून संपेपर्यंत थांबायचं ठरलं, आणि ती आग दहा-अकरा दिवस जळत राहिली. दहाहून जास्त माणसं गेली. सुमारे साठ हजार किलोलिटर इंधन जळलं. बाबूजींचं कुटुंब त्या रात्री अंगावरच्या कपड्यांनिशी नातेवाइकांकडे गेलं. परत आले तेव्हा खिडक्यांना काचा नव्हत्या आणि घरातल्या प्रत्येक लाकडावर तेलकट काजळी. मुलीचं लग्न महिन्यावर. काजळी फडक्याने पुसली, काचा बसवल्या, आणि वरून चॉकलेटी रंगाचा हात मारला. गडद रंग निवडला तो काळं दिसू नये म्हणून. घरात लग्न असताना कोण सोड्याच्या पाण्याने चौकटी धूत बसणार. त्यांच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं.

पण तेलकट काजळीवर रंग धरत नाही. बंगल्यातला गुलाबी पहिल्या दिवसासारखा लाकडाला घट्ट होता, हिरवा त्याच्यावर घट्ट होता. सगळ्या खपल्या त्या काळ्या रेघेपासून सुटत होत्या. मे महिन्यातलं पंचेचाळीस अंशांचं ऊन, मग पावसाळ्याची ओल, लाकूड हलतं, आणि वरचे दोन थर काजळीवरून घसरतात. दिसायला हा दोष रंगाचा, खरं तर ती २००९ ची आग अजून उतरत होती.

यामुळे कामाची दिशा ठरली. सगळं लाकडापर्यंत सोलायचं, हा लोकांचा पहिला विचार असतो, आणि शिशाच्या बाबतीत तोच धोक्याचा. घट्ट बसलेलं शिसं कोणाला काही करत नाही. त्याची धूळ झाली की करतं. रंगाऱ्याने ब्लो लॅम्पचं सुचवलं, त्यालाही मी नाही म्हटलं. आचेने शिशाची वाफ होते, ती धुळीहून वाईट. ठरवलं असं की काळ्या रेघेपर्यंतचं सुटलेलं तेवढं काढायचं, खालचं घट्ट आहे ते नव्या थराखाली बंद करायचं.

मी दोन दिवसांची सुट्टी टाकली. खोल्या रिकाम्या केल्या, जमिनीवर जाड प्लास्टिक चिकटवलं. फवाऱ्याच्या बाटलीत पाणी आणि साबणाचा थेंब. आधी भिजवायचं, मग पत्र्याने खपली उचलायची, परत भिजवायचं. काजळी उघडी पडली की धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने दोनदा पुसायची, मग साध्या पाण्याने. कडा वॉटर पेपरने ओल्याच घासायच्या, शंभर-वीसचा आणि मग दोनशे-वीसचा. खिडकीची झडप जिथं चौकटीला घासते तिथं मात्र थर ठेवून चालत नाही, उघडझाप केली की रोज थोडा भुगा पडणारच. त्या झडपा काढून अंगणात नेल्या, कडा भिजवल्या आणि रंध्याने तासल्या. रंध्याचे छिलके निघतात, धूळ निघत नाही. झाडू बंद, फक्त ओलं फडकं. चहाच्या आधी साबणाने हात आणि तोंड, कामाचे कपडे वेगळे धुवायचे. खपल्या आणि छिलके एका पत्र्याच्या डब्यात भरून वर सिमेंट ओतलं. मग दोन दिवस लाकूड वाळू दिलं, लांबी भरली, नव्या नियमातला प्रायमर आणि वर एनॅमलचे दोन पातळ हात. जाड एक हात मारायचा मोह होतो, तो टाळा. जाड थर वरून वाळतो आणि आतून ओला राहतो.

बाबूजींनी खर्चावर कुरकुर केली. वरून एक हात मारला असता तर एका दिवसात झालं असतं, हे त्यांचं म्हणणं खरं होतं. मी त्यांना क्वीन्सलंडच्या डॉक्टरांची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वरच्या मजल्यावरच्या नातवाच्या खोलीतली खिडकी दाखवायला घेऊन गेले.

घरचे आले तेव्हा शेवटच्या हाताला चार दिवस झाले होते. बायकोने पहिल्यांदा विचारलं, "अहो, एवढा वास कसला?" आणि खिडक्या उघडल्या. गरोदर बाईच्या रक्तातलं शिसं पोटातल्या बाळापर्यंत जातं, म्हणून तिला ते चार दिवस उशिरानेच यायला सांगायचं मनात होतं, पण तिकिटं निघाली होती. मुलीची आणि तिची रक्ततपासणी करून घेतली, ठीक आली. तुमच्याकडे जुना रंग सुटलेला असेल आणि पोरगं कडेला तोंड लावत असेल तर डॉक्टरांना सांगून ती करून घ्या. रक्तात शिसं इतकं असलं तर चालतं अशी सुरक्षित पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. युनिसेफच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे ऐंशी कोटी मुलांच्या रक्तात ते काळजी करण्याइतकं आहे. एकट्या रंगामुळे नव्हे. जुन्या बॅटऱ्या वितळवणारी दुकानं, भेसळीची हळद, काही भांडी, सगळ्यांचा हात त्यात आहे.

रंगाऱ्याने काम मन लावून केलं. पहिल्या दिवशी कुरकुरला, दुसऱ्या दिवशी म्हणाला की आज रात्री खोकला आला नाही. जाताना मी त्याला वॉटर पेपरचं उरलेलं बंडल आणि फवाऱ्याची बाटली दिली.

पंधरा दिवसांनी ड्यूटीवरून येताना तो मला पुढच्या गल्लीत दिसला. जुन्या दोनमजली घराचं काम होतं. मशीन चालू, गमछा तोंडावर, दारातून हिरवी धूळ रस्त्यापर्यंत येत होती. मी मोटारसायकल थांबवली. त्याने मशीन बंद केलं, गमछा खाली घेतला आणि मी काही बोलायच्या आधीच अंगणातल्या टाकीकडे बोट दाखवलं. टाकी कोरडी होती. त्या गल्लीत टँकर दोन दिवसांआड येतो आणि मालकीणबाई रंगासाठी पाणी देत नाहीत.

"आपके यहाँ एक चौखट में कितना लगा था, साहब?"

मी हिशोब केला. दीड बादली.